काकूंसाठी पार्सल पाठवतोय

सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय विज्या,

परवा फोनवर काकूंचं सांगताना तू दोनदा विषय बदललास. मागं वहिनींचा आवाज येत होता, म्हणून मीही ताणलं नाही. पण मधूनच कपड्यात संडास होते म्हणजे घरात काय होतं, ते मला कळतं बे. अण्णांचं आमच्याकडं हेच चाललंय. बोलायला जड जातं, म्हणून लिहितो.

'वय झालं, चालायचंच' असं म्हणून बसू नकोस. वयानं स्नायू सैल पडतात हे खरं, पण त्याच्या जोडीला बऱ्याचदा उपाय करता येईल असं काहीतरी सापडतं. अण्णांचं बघ. दिवसभर थोडं थोडं पातळ कपड्याला लागायचं. घरात सगळ्यांचं निदान एकच, जुलाब. डाळिंबाची साल झाली, ताकभात झाला, मेडिकलमधून गोळी आणायची तयारी झाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हातमोजा घालून बोटानं तपासलं आणि म्हणाले, यांना जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. आत वाळलेला खडा अडकून बसतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपतं. अशात जुलाब थांबवायची गोळी पोटात गेली की खडा आणखी घट्ट. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू होती आणि रात्री उठायला नको म्हणून अण्णांनी पाणी तोडलं होतं. इथल्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना!

काकूंचं कारण वेगळं असेल. त्यांना शुगर आहे ना? मेटफॉर्मिननं काहींना पातळ होतं. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून किंवा हळू विरघळणारी देऊ शकतात. जुन्या शुगरनं तिथल्या नसाही मंदावतात. आणि तुम्हा भावंडांची बाळंतपणं अवघड गेली होती, असं आई सांगायची. त्या वेळी स्नायू फाटला असेल तर त्याचा त्रास कधी कधी थेट म्हातारपणी वर येतो. हे वहिनींनी किंवा ताईनं काकूंना एकटीला गाठून विचारावं, तुला त्या सांगणार नाहीत. त्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

खरी अडचण ही की डॉक्टर गुडघे विचारतात, बीपी विचारतात, हे आपणहून फारसं कुणी विचारत नाही. आणि आपण सांगत नाही. तेव्हा चिठ्ठी करून ने: कधी होतं, घट्ट की पातळ, आधी काय खाल्लं, गोळ्या कोणत्या. रक्त दिसलं, संडास डांबरासारखी काळी झाली, वजन उतरायला लागलं तर लांबवू नकोस. आणि अचानक ताबा जाऊन पायातलं बळ गेलं किंवा मांड्यांच्या मधे बधिर वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

आता घरातलं. खाल्ल्यावर आतडं हलतं, म्हणून सकाळचा चहा-नाष्टा झाला की पंधरा-वीस मिनिटांत अण्णांना बसवतो, लागलेली असो वा नसो. पायाखाली छोटा पाट, घाई नाही. एवढ्यानंच निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्यातला बराचसा नाडीमुळं होता! गुडघे धरून संडासापर्यंत पोचायचे आणि पायजम्याची गाठ सुटायची नाही. आता इलॅस्टिक, रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा आणि खाटेजवळ कमोडची खुर्ची. खुर्चीला त्यांनी आठवडाभर हात लावला नाही. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

धुण्याचं म्हणशील तर आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळं एक पिंप याच कामाला राखून ठेवलंय. कपडे आधी गार पाण्यात. गरम पाणी घातलं की डाग बसतो. अंग कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं आणि वर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. पावडर नको, ओलीत तिचे गोळे होतात. डायपर दिवसभर घालून ठेवू नका. उकाड्यात कातडी सोलवटते, आणि डायपर आहे म्हटलं की घरचे उठवायचा आळस करतात. रात्री आणि बाहेर जाताना मात्र चड्डीसारखे चढवायचे मिळतात ते बरे.

हे सगळं वहिनींच्या गळ्यात टाकू नकोस. आमच्या घरी पहिल्याच दिवशी सुनावणी झाली, "वडील तुमचे आहेत, धुवायचं तुम्ही शिका, मी चादरी बघते." बरं झालं. तुझं आईचं आहे, जास्त नाजूक. कुणी स्वच्छ केलेलं चालेल ते काकूंनाच विचार. बाई लावायची तर तिला पैसे नीट दे. आणि होईल तेव्हा 'आई, सांगायचं ना आधी' एवढं वाक्य कुणी उच्चारायचं नाही. सांगता आलं असतं तर सांगितलंच असतं ना.

अण्णांनी तर बाहेर जाणंच सोडलं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जायचं मनात, पण वर्षानुवर्षं नंदीध्वजामागं चाललेला माणूस, त्याला पांढरी बाराबंदीच हवी. आणि पांढऱ्याचीच भीती. आदल्या दिवशी हलकं जेवण, सकाळी वेळेवर बसवणं, आतून चड्डीवाला डायपर, माझ्या पिशवीत दुसरा जोड. संमती कट्ट्याजवळ कडेला उभं राहून अक्षता टाकल्या त्यांनी. परत येताना ओळखीच्या चार जणांशी भांडणही केलं, म्हणजे तब्येत ठीक आहे.

शनिवारी सकाळच्या हुतात्मानं धाकटा पुण्याला येतोय, स्टेशनवर गाठ त्याला. सेकंड क्वालिटीचे टॉवेल देतोय त्याच्याजवळ, अंथरायला आणि टिपायला फार कामाचे, फाटले तरी जीव जात नाही. काकूंच्या कमरेचं माप कळव, पॅन्ट-डायपर मापाचे नसले की बाजूनं गळतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणीही टाकलीय, पण चटणी तिखट आहे, काकूंपासून लांब ठेव. ती तुझी.

तुझा,
सुध्या