आधी कच्चे टाके

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दर पंधरा दिवसांनी केलेलं सॉफ्टवेअर मोडता आणि पुन्हा करता, मग आधीच नीट ठरवून का करत नाही?" मीटिंग सुरू होत होती, म्हणून तेव्हा काहीतरी सांगून फोन ठेवला. प्रश्न मात्र मनातून जाईना.

तुमची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. नकाशा मंजूर, अंदाजपत्रक मंजूर, मगच पायाला कुदळ. पुलाला तेच योग्य, अर्धा पूल बांधून त्यावरून एसटी नेऊन बघता येत नाही. आम्हीही आधी तसंच करायचो. तीन वर्षांपूर्वी एका दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर केलं, तेव्हा चाळीस पानी मागणीपत्रक लिहिलं, त्यावर सह्या घेतल्या आणि आठ महिने खपलो.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी तिथे हजर होते. किटल्या घेऊन माणसं रांगेत. लिहिणाऱ्या काकांना प्रत्येकाचा नंबर तोंडपाठ, आणि आमचा कॉम्प्युटरचा पडदा म्हणत होता: यादीतून नाव शोधा, गाय की म्हैस निवडा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) भरा, मग 'जतन करा'. काकांचा उजवा हात दुधाने ओला. डाव्या हाताच्या एका बोटाने ते चाचपडत होते. रांग रस्त्यापर्यंत गेली. सव्वासहाला त्यांनी काही न बोलता खालच्या कप्प्यातून वही काढली आणि पेन उघडलं.

मागणीपत्रकातली एकूण एक गोष्ट आम्ही केली होती. ओला हात त्यात कुठेच नव्हता. काकांनीही तो सांगितला नसता, कारण त्यांना स्वतःला तो कधी जाणवलाच नव्हता. कामाचं खरं रूप माणसाला विचारून पूर्ण कळत नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

पुढच्या खेपेला मी लॅपटॉप उघडलाच नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर पेन्सिलने पडदे काढून नेले. काका नंबर सांगायचे, बोट ठेवायचे, मी पुढचा पुठ्ठा समोर सरकवायची. तासाभरात कळलं की एकच माणूस गाईचं आणि म्हशीचं दूध एकदम आणतो, आणि पावती न विचारता निघायला हवी. दोन आठवड्यांनी अगदी ओबडधोबड काहीतरी दिलं: नंबर, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ आणि पावती, सगळं आकड्यांच्या कळांवर. बिल नाही, अहवाल नाही. काकांनी ते वहीच्या जोडीने दहा दिवस वापरलं, चुका दाखवल्या, आणि पुढचं सगळं त्यातूनच वाढत गेलं.

बाबा, हे काही आजचं खूळ नाही. आधी सगळं ठरवा मग बांधा, या पद्धतीला आमच्याकडे 'वॉटरफॉल' म्हणतात, म्हणजे धबधबा. त्या पायऱ्यांची आकृती ज्यांच्या १९७० च्या निबंधामुळे प्रसिद्ध झाली, त्या विन्स्टन रॉइस यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं की असं एका दमात करणं धोक्याचं आहे, आणि काम नवं असेल तर एकदा लहान प्रमाणावर करून बघावं. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे राहिला. अमेरिकेच्या स्पेस शटलचं मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअरही १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांनी झालं. तिथे कोणी बेफिकीर होतं असं तुम्ही नक्कीच म्हणणार नाही.

तरी तुमची पद्धत मी सोडलेली नाही. फॅटप्रमाणे दर काढायचं गणित आधी पूर्ण कागदावर मांडलं, तपासलं, मगच लिहिलं. शेतकऱ्याच्या पैशांवर प्रयोग करायचे नसतात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कच्चं रूप चालताना दिसलं की वरचे लोक म्हणतात, "झालंच की, देऊन टाका." मग वीज गेली तर अर्धी नोंद कुठे जाईल याचा विचार न केलेलं ते तसंच वर्षानुवर्षं वापरात राहतं. आई, तुला हे लगेच पटेल. पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके घातलेला ब्लाउज अंगावर बेतायला असतो, लग्नाला घालून जायला नाही. एकदा तू मावशीला टाके न उसवताच ब्लाउज नेऊ दिला नव्हतास, ती रुसली तरी. मीही गेल्या महिन्यात तशीच अडून बसले आणि आणखी तीन आठवडे मागून घेतले. मिळाले.

बाबा, गुडघ्याचा पट्टा रोज लावत जा. मी १२ तारखेला रात्रीच्या गाडीने येतेय. आई, माझ्या जांभळ्या खणाला शिलाई मारू नकोस, नुसते टाके घालून ठेव. दंडात मी थोडी भरलेय, घालून बघू.

तुमची,
चिऊ