दाखला आधी काढ

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिनूला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं, आहे हे कळल्यावर तुझी झोप उडणारच. पण सासूबाई म्हणतात तसा दिव्यांगत्वाचा दाखला लांबवू नकोस. पोराच्या कपाळी शिक्का बसेल ही त्यांची भीती मला कळते. पण त्याचे पाय दाखल्याविनाही तसेच आहेत ना? कागद नसला की थेरपीचा सगळा खर्च मात्र तुझ्या एकटीच्या पगारावर पडतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात आपल्या मुलांचा आजार आहे. बहुतेक योजनांना दाखल्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. दाखल्याचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. जाताना एमआरआय, फिजिओथेरपीची फाईल, सगळं ने. आणि हे नीट ऐक. डॉक्टरांपुढे आपण आया लेकराचं कौतुकच सांगत सुटतो. 'हाताने जेवतो' एवढंच सांगून थांबू नकोस. घास कोण करून देतं, किती सांडतं, संडासला कोण धरून बसवतं, रात्री पाय आखडले की कोण जागतं, सगळं सांग. त्यात चिनूचा कमीपणा नाही. लहान मुलांना बहुधा तात्पुरता दाखला देतात, तेव्हा मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेव.

दाखला हातात आला की पहिल्यांदा निरामय हा आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीही येते, आणि आजार आधीपासूनचा आहे म्हणून नाकारत नाहीत. आम्हाला याचा फार आधार झाला.

दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेची तहसीलमध्ये चौकशी कर, पण दिव्यांगांसाठीही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपयेच आहे. म्हणजे दिवसाला दीडशेसुद्धा नाहीत! रोजंदारीवर जाणारं घरही त्यात बसत नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. ग्रामपंचायतीला मात्र स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

अर्ज भरायला बसशील तेव्हा फोन कर, रविवारी मी घरीच असते. सासूबाईंशी मी बोलू का? त्या माझं ऐकतील असं वाटतं.

चिनूला गोड पापा.

तुझीच,
मंगल