चेंडू जिच्या हातात, तिला ठरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातीचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेलो होतो. चौदा वर्षांखालच्या मुली. शेवटचं मिनिट, आमच्या मुली एका गुणाने मागे. चेंडू नातीच्या हातात आला, समोरची मुलगी तिला अगदी भिडून उभी. बाकावरून सर ओरडले, "पास!" माझ्या शेजारून तिचे बाबा ओरडले, "शूट कर!" ती गोंधळून बाकाकडे बघत राहिली. एवढ्या जवळून अडवलेलं असताना चेंडू पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही. शिट्टी वाजली, चेंडू गेला. घरी येताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाली, "आबा, कोपऱ्यातली मला मोकळी दिसली होती हो."

म्हणजे तिला दिसलं होतं. आम्हीच तिला त्यावर विश्वास ठेवू दिला नाही.

मी लहानपणी इथल्या आखाड्यात खो-खो खेळलो. पाठीवर खो बसला की डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत माघार नाही. सुरुवातीला खूप चुकलो. मग बसल्या बसल्याच पळणाऱ्यावर नजर ठेवायला शिकलो, आणि उठायच्या आधीच मनाशी ठरलेलं असायचं. बास्केटबॉलमध्येही चेंडू येण्याआधी मान वळवून बघून घेणारी मुलगी गडबडत नाही. पण नुसतं जोडीजोडीने पास देऊन ही सवय लागत नाही. अडवायलाच कुणी नसेल तर बघायचं काय? तिघींसमोर दोघी असं खेळवावं. दहा सेकंद उरलेत, एका गुणाने मागे आहोत, असं सांगून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळवावा. चूक झाली तर "असं का केलंस?" न विचारता "तुला काय दिसलं?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नावर मूल मान खाली घालतं, दुसऱ्यावर बोलायला लागतं. एकाच कोर्टावर भरपूर मुली सांभाळणाऱ्या सरांना हे सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

टोकियो ऑलिंपिकपासून तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉलही खेळलं जातं. त्यात सामना चालू असताना प्रशिक्षकाला सूचना द्यायची परवानगीच नाही, आणि बास्केटकडे चेंडू टाकायला अवघे १२ सेकंद. जे काय ठरवायचं ते खेळणाऱ्यांनीच. आपल्या शालेय स्पर्धांत लहान गटासाठी हा प्रकार घ्यावा. ते जमत नसेल तर चारपैकी एका क्वार्टरमध्ये बाक आणि प्रेक्षक, दोघांनीही गप्प राहायचं असा स्थानिक नियम करावा. हुतूतूचे नियम हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये याच बडोद्यात छापले. आपल्याला एवढा एक नियम जड जाऊ नये.

नातीचा पुढचा सामना महिनाअखेरीस आहे. जावईबापूंचं आणि माझं ठरलं आहे, टाळ्या वाजवायच्या, बाकी एक शब्द बोलायचा नाही.

आपला,
एक आजोबा
दांडिया बाजार, बडोदे