सूचना : रविवारचा प्रयोग, बालगंधर्व रंगमंदिर

सभासदहो,
येत्या रविवारी दुपारी १२.३० वाजता जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिरात आपला प्रयोग आहे.

नेपथ्य-प्रकाशवाले सकाळी ८.३० ला हजर. आधी स्पॉट (दिवे) टांगून फोकस, मगच फ्लॅट (नेपथ्याच्या चौकटी) उभे करा. उलट केलं की शिडी फिरवायला जागा उरत नाही, आणि हे दरवेळी होतंच.

कलाकार १० वाजता मेकअपला.

तिसऱ्या घंटेनंतर विंगेत (रंगमंचाच्या बाजूला) फक्त एन्ट्रीवाले. मोबाइल सायलेंट नको, बंदच. सायलेंट फोनचीही माइकमध्ये खरखर येते.

१९६८ पासून हौशी संस्थाही याच रंगमंचावर उभ्या राहतात, तारखा मात्र मुश्किलीने मिळतात. पुढच्या संस्थेला वेळेत रंगमंच द्या : पडदा पडल्यावर ४५ मिनिटांत सगळं सामान टेम्पोत.