व्होल्टेज समजावून सांगणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

माझा जुना कोअर आय५-२५००के प्रोसेसर वेग वाढवून ४.५ गिगाहर्ट्झवर व्यवस्थित चालतो आहे आणि तो तसा का चालतो, हेही मला आता नीट कळतं. ते श्रेय तुमचं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला गुणणारा आकडा, ४५ करणं सोपं होतं: ४५ गुणिले १०० मेगाहर्ट्झ. अडत होतं ते व्होल्टेजपाशी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) १.३५ व्होल्ट भरलं तरी प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम सुरू होताच सीपीयू-झेड या व्होल्टेज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला आकडा १.३० च्या आसपास उतरायचा. मदरबोर्ड खराब आहे, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. तुमची सगळी नोकरी वीज मंडळात गेलेली. तुम्ही एवढंच विचारलंत, "लोड आल्यावरच पडतं ना?"

आणि कागदावर फीडर, म्हणजे वीज पोचवणारी लाइन, काढलात. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या खांबावर व्होल्टेज पडतं. ते भरून काढायला डीपीवरच व्होल्टेज चढवून ठेवलं, तर मोटारी बंद होताच ते उसळतं आणि घरातले बल्ब जातात. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखालची घसरण किती भरून काढायची ते ठरवणारं बायोसमधलं सेटिंग, मला त्या कागदावर समजलं. लोडखाली व्होल्टेज थोडं घसरणं हा बिघाड नाही. लोड अचानक उतरल्यावरची उसळी मर्यादेत राहावी म्हणून ती घसरण मुद्दाम ठेवलेली असते. कॅलिब्रेशन कमाल पातळीवर नेलं की घसरण जवळजवळ नाहीशी होते, पण उसळी वाढते. आणि ती इतकी क्षणिक असते की सीपीयू-झेडमध्ये दिसतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. मी ते मधल्या पातळीवर ठेवलंय.

उष्णतेचा हिशेबही तुमचाच. स्विचिंगला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चं १.३५ केलं, तर वेग तोच ठेवूनही ती सुमारे २७ टक्क्यांनी जास्त. आपल्या अकोल्याच्या मे महिन्यात हे २७ टक्के फार महाग पडतात! म्हणून आता ठरावीक व्होल्टेजऐवजी ऑफसेट वापरतो, म्हणजे प्रोसेसर स्वतः मागतो त्या व्होल्टेजमध्ये फक्त थोडा फरक करतो. काम नसलं की प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झवर येतो आणि व्होल्टेजही सोबत खाली येतं.

कॉम्प्युटर तुमचा विषय नव्हता, तरी तुम्ही दोन संध्याकाळी बसून माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंत, एकदाही घाई केली नाहीत. मनापासून आभार, काका. तो फीडरचा कागद मी जपून ठेवलाय. कॉलेजातल्या पोरांनी व्होल्टेजचं विचारलं की तोच काढून दाखवतो आणि कोणी शिकवलं तेही सांगतो.

तुमचा,
शेजारचा पुतण्या