एचएसएस छापलंय, स्टील साधं कार्बनचं : ड्रिल आणि टॅप सेटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(आणि तुमच्याकडं क्वालिटी बघणारं कोणी असेल, ज्यांनी कधी हातात कानस धरलीय, तर त्यांच्यापर्यंत पोचवा)

विषय : वर्कशॉप कॉम्बो किटमधले ड्रिल आणि टॅप एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) नसल्याबद्दल. ऑर्डर नंबर ईमेलला जोडलेल्या बिलावर आहे.

नमस्कार,

मी कोल्हापुरात छोटं वर्कशॉप चालवतो, एक लेथ, एक पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि बाकी सगळं हातकाम. आयटीआय फिटर झालेलो आहे. काम जास्त करून गुऱ्हाळवाल्यांचं आणि शेती अवजारांचं, म्हणजे घाण्याचं बेअरिंग हाउसिंग, मोटरची बेस प्लेट, पुली, कपलिंग असलं. ऊसाचा सीझन तोंडावर आला की सगळ्यांना सगळं कालच पाहिजे असतं, म्हणून म्हटलं जुनी हत्यारं जरा बाजूला ठेवू आणि नवीन सेट घेऊ, आणि तुमचं किट मागवलं. त्यात ड्रिल सेट, एम ६ ते एम १२ टॅप सेट (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार), पाच इंची बेंच व्हाइस, कानशी, हॅक्सॉ फ्रेम ब्लेडसकट आणि गुण्या. डब्यावर ठळक लिहिलंय एचएसएस, टायटॅनियम कोटेड, इंडस्ट्रियल ग्रेड.

याआधी चॅटवर आणि फोनवर सांगून झालंय. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी तेच की तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत पण ड्रिल कन्झ्युमेबल आहे, वॉरंटी नाही. म्हणून आता लेखी देतोय, सविस्तर देतोय, वाचायला वेळ काढा.

पहिलं काम होतं १० एमएम एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) प्लेटला एम १० चे आटे पाडायचं. एम १० ला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड एमएम, म्हणून ड्रिल ८.५. प्लेटला मोरचुदाचं पाणी लावून मार्किंग केलं, स्क्राइबरनं रेघा मारल्या, आधी डॉट पंच मग सेंटर पंच, छोट्या ड्रिलनं पायलट होल, आणि मग तुमचं ८.५ चं ड्रिल लावलं. पहिलं भोक गेलं. दुसऱ्याला किस (कापलेल्या धातूची साल) सलग यायचा बंद होऊन भुगा यायला लागला, चर्र आवाज, आणि ड्रिलचं टोक निळं. सोनेरी रंग तर पहिल्याच भोकात गेला होता. खरं टायटॅनियम नायट्राइड कोटिंग काही मायक्रॉनचंच असतं पण ते असं पुसून जात नाही, आणि तुमच्या ड्रिलच्या शँकवरची (दांड्यावरची) एचएसएस ही अक्षरंसुद्धा पेट्रोलच्या फडक्यानं पुसल्यावर गेली. खोटं वाटत असेल तर तुमच्या गोडाऊनमधलं एक काढून पुसून बघा.

आता तुमच्या टेक्निकल टीमचं (असं ते स्वतःला म्हणत होते) उत्तर असं की स्पीड जास्त ठेवलं, कूलंट वापरलं नाही, आणि ड्रिल निळं पडलं म्हणजे तुम्हीच ओव्हरहीट केलं. कूलंट चालू होतं, सोल्युबल ऑइल, व्हिडिओमध्ये पांढरं पाणी दिसतंय, तो व्हिडिओ मी तेव्हाच पाठवलाय. स्पीडचं म्हणाल तर माझ्या पिलर ड्रिलला स्टेप पुली आहे, बेल्ट ७०० आरपीएमवर होता. ८.५ च्या ड्रिलला ७०० आरपीएम म्हणजे मिनिटाला साधारण १९ मीटर कटिंग स्पीड होतं. एमएसमध्ये एचएसएसला २५ ते ३० मीटर आरामात चालतं, हे आयटीआयच्या पोरालाही पाठ असतं. म्हणजे मी उलट कमीच चालवत होतो. हां, कार्बन स्टीलचं ड्रिल असेल तर त्याला याच्या निम्म्यानं चालवावं लागतं, मग मात्र १९ मीटरला ते जळणारच. म्हणजे तुमचं उत्तर खरं धरलं तरी त्यातून एवढंच निघतं की हे कार्बन स्टील आहे.

आणि निळ्या रंगाचं. साहेब, पॉलिश केलेलं स्टील निळं दिसायला लागतं ते ३०० डिग्रीच्या आसपास. साध्या कार्बन स्टीलचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, तेवढ्यात उतरतं, धार मऊ पडते. पण एचएसएस आणलं कशासाठी, ५५०-६०० डिग्रीपर्यंत गरम झालं तरी त्याची धार टिकते म्हणूनच ना? त्यातलं टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम कशासाठी घालतात मग? सव्वाशे वर्षं झाली याला, टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये हे शोधलं आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात टूलचं टोक लालभडक झालेलं असताना लोखंड कापून दाखवलं. आणि तुमची टेक्निकल टीम २०० वर्षं मागं जाऊन मला सांगते की निळं पडलं म्हणजे चूक ऑपरेटरची. एचएसएस वरून निळं दिसलं तरी आतून मऊ होत नाही. तुमच्या ड्रिलच्या जळलेल्या धारेवर मी जुनी कानस फिरवली, ती घसरायला पाहिजे होती, ती चक्क चावली आणि चकचकीत ओरखडा उठला.

तरी मी म्हटलं उगाच आरोप नको, खात्री करू. ठिणगी टेस्ट केली. ही टेस्ट तुमच्या ऑफिसातसुद्धा करता येईल, एक बेंच ग्राइंडर आणि थोडा अंधार लागतो बस. शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकाच व्हीलवर, एकाच दाबानं तीन नग लावले. एक माझं जुनं खात्रीचं एचएसएस ड्रिल, दुसरं तुमचं न वापरलेलं १० चं ड्रिल, आणि तिसरी झिजून गेलेली कानस, कारण कानस हाय कार्बन स्टीलची असते हे नक्की माहीत असतं. जुन्या ड्रिलला आखूड, बारीक, तांबूस रेघा, फुटणाऱ्या ठिणग्या जवळपास नाहीतच. कानशीला पांढऱ्या पिवळ्या, फुलबाजीसारख्या तडतड फुटणाऱ्या. आणि तुमचं ड्रिल? कानशीची सख्खी बहीण. शेजारचा टर्नर उभा होता, त्यालाही न सांगता दोनदा ओळखायला लावलं, त्यानं दोन्ही वेळा तुमचं ड्रिल कानस म्हणून सांगितलं. व्हिडिओ जोडलाय, सलग एकच शॉट आहे, मध्ये कट नाही.

टॅपची गोष्ट वेगळी आणि जास्त महाग पडली. एका गुऱ्हाळवाल्याचं सीआयचं (बिडाचं) बेअरिंग हाउसिंग आलं होतं, त्याला कव्हरसाठी आरपार नसलेल्या, म्हणजे बंद भोकात एम १० चे आटे पाडायचे होते. सीआयला तेल लागत नाही, कोरडंच काम, पहिला टॅप नीट गुण्यात धरून चालवला, अर्धा फेरा पुढं आणि थोडा मागं, किस मोडत मोडत, जसं करतात तसं. दुसरा टॅप लावला तर काही फेऱ्यांनंतर टिच्च आवाज होऊन आतच मोडला. जोर लावला नव्हता, टॅप रेंच तुमच्याच सेटमधला होता आणि त्याचे हात एवढे छोटे आहेत की जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. मोडलेला तुकडा हातात घेऊन बघितला, तुटलेल्या जागी दाणा मोठा आणि चमचमणारा. चांगल्या एचएसएसचा दाणा बारीक, मखमली राखाडी असतो. असा मोठा दाणा येतो पाणी देताना भट्टीत जास्त तापवलं तर. म्हणजे एक तर स्टील चुकीचं, वर त्याला पाणीही नीट दिलेलं नाही. ड्रिल मऊ आणि टॅप काचेसारखा ठिसूळ, एकाच डब्यात.

बंद भोकात अडकलेला टॅप काढायला ड्रिल चालत नाही हे तुम्हाला माहीत असावं अशी आशा. स्पार्क इरोजनवाल्याकडं (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडं) न्यावं लागलं, त्याचे पैसे, रिक्षाचे पैसे, आणि हाउसिंग वेळेत गेलं नाही म्हणून गुऱ्हाळवाल्याची बोलणी मी खाल्ली. त्याचा घाणा बंद, काढलेला ऊस तसाच पडून, दिवसागणिक ऊस वाळतो, त्याचं वजन उतरतं आणि गूळही नीट धरत नाही. त्याला मी काय सांगू, कन्झ्युमेबल आहे म्हणून?

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात लिहितो. गुण्या बाद आहे. प्लेटच्या सरळ कडेला लावून रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच टोकापासून परत मारली, तर दोन रेघा वरच्या टोकाला फाकल्या, आणि त्या फटीच्या निम्मी चूक गुण्यात असते, उघड्या डोळ्यांना दिसतेय. व्हाइसच्या जॉमध्ये दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या धरल्या तर एका बाजूची घट्ट आणि दुसऱ्या बाजूची ओढली की निघून येते. वर त्याच्या बॉडीवर रंगाखाली लांबी भरलेली सापडली, खरवडली तर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी. अहो निदान कोल्हापुरात विकताना तरी कास्टिंगला लांबी लावून पाठवू नका, इथं दर दुसऱ्या घरातला माणूस फाउंड्रीत जाऊन आलेला असतो. हॅक्सॉ ब्लेड ठीक आहेत. कानशी मात्र चांगल्या निघाल्या, जाड दातांची बास्टर्डही आणि बारीक दातांची स्मूथही, दातांची कापणी एकसारखी आहे, हे मुद्दाम लिहितोय म्हणजे मी सगळ्यालाच नावं ठेवतोय असं वाटायला नको. कानशी बहुतेक तुम्ही दुसऱ्या कुणाकडून घेत असाल.

माझं म्हणणं असं अजिबात नाही की कार्बन स्टीलचं ड्रिल विकू नका. लाकडाला, प्लॅस्टिकला, हलक्या कामाला ते चालतं, स्वस्तही पडतं, घरगुती माणसाला पुरेसं आहे. मग तसं डब्यावर लिहा ना. लिहिलं असतं तर मी घेतलं नसतं, कुणी सुताराने घेतलं असतं, विषय संपला. झीज होणं वेगळं आणि भलताच धातू देणं वेगळं. कन्झ्युमेबल हा शब्द झिजण्यासाठी आहे, डब्यावर एक आणि आत एक यासाठी नाही.

आता मला काय पाहिजे ते. अख्ख्या किटचे पूर्ण पैसे परत, कूपन नको, वॉलेटमध्ये नको, ज्या खात्यातून गेले त्या खात्यात. टॅप काढायचा खर्च, त्याची पावती जोडली आहे. आणि ड्रिल-टॅप कुठल्या ग्रेडच्या स्टीलचे आहेत त्याचं लेखी उत्तर, टेस्ट सर्टिफिकेटसह. एचएसएसची नेहमीची एम २ ग्रेड असेल तर त्यात टंगस्टन ६ टक्क्यांच्या आसपास आणि मॉलिब्डेनम ५ च्या आसपास सापडायलाच पाहिजे. तुम्ही सर्टिफिकेट दिलं नाही तर मी स्पेक्ट्रो (स्टीलमध्ये कुठला धातू किती हे सांगणारी टेस्ट) करून घेईन, फाउंड्र्यांमुळं इथं लॅब हाताशी आहेत आणि रिपोर्ट यायला वेळ लागत नाही.

मागच्या वेळी फोनवर एक मॅडम म्हणाल्या की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. मॅडमना सांगा, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून वाचा, स्वतः राबून पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच धरतात. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही, आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. पंधरा दिवस वाट बघतो, मग पुढचं पुढं.

पार्सल उचलायला माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करा आणि एकट्या पोराला पाठवू नका, व्हाइस जड आहे. जळलेलं ८.५ चं ड्रिल, ठिणगी टेस्टचं १० चं आणि मोडलेल्या टॅपचा हातात राहिलेला तुकडा हे तीन नग मी देणार नाही, ते लॅबला लागतील. बाकी सगळं डब्यासकट तयार आहे.

आपला,
एक वर्कशॉपवाला, कोल्हापूर

सोबत : बिल, स्पार्क इरोजनची पावती, ड्रिलिंगचा आणि ठिणगी टेस्टचा व्हिडिओ, तुटलेल्या टॅपचे जवळून काढलेले फोटो