कलेक्टर व्हा म्हणायचं आणि दाखल्याला १९६१ चा पुरावा मागायचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनाच्या बातम्या तुमच्या पेपरात वाचल्या. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्यातल्या शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये घातलं, त्याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण त्या दिवशी भाषणं काय होतात? मोठी स्वप्नं बघा, कलेक्टर व्हा. टाळ्या, वडापाव, घरी.

मी कराडजवळच्या एका वस्तीत संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतो, बहुतेक वडार समाजाची पोरं आहेत. आठवीतल्या एकाला पाहुण्यांनी विचारलं कोण होणार, तो म्हणाला जेसीबी चालवणार, तर सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? आज्याचा आणि बापाचा जन्म घण मारण्यात गेला, ते काम या मशीननंच खाल्लं, आता मशीनवरचा माणूस महिन्याला पगार घेतो आणि बाप खाली घमेलं घेऊन उभा, हे पोरगं रोज बघतंय, त्याचा हिशोब पाहुण्यांपेक्षा पक्का आहे. एका पोरीला नर्स व्हायचंय. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स आणि बायोलॉजी लागतं हे तिला दहावीआधी कोण सांगणार, आईबाप तर पहाटेच कामावर जातात. करिअर मार्गदर्शन शिबिरं होतात की, पण निकालानंतर, शहरातल्या हॉलमध्ये, आणि तिथं निम्मा वेळ सत्कारात जातो.

आणि खरी गोची पुढंच आहे. वडार विमुक्त जाती अ मध्ये येतात, जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राज्यातला रहिवास दाखवायला लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणतात. अहो, आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत, दगडाचं काम जिथं मिळेल तिथं पालं टाकून राहिले, कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) नाव शोधायचं तर कुठल्या गावच्या? बाप दोन दिवस मजुरी बुडवून सेतूत जातो, तिसऱ्या दिवशी जायचं सोडतो. पोरगं नापास झालेलं नसतं, कागदात अडकलेलं असतं, आणि आपण म्हणतो यांना शिक्षणाची आवडच नाही (हे एका शिक्षकाच्याच तोंडून ऐकलंय).

कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीच्या पोरांचं बोर्डिंग काढलं, आधी राहण्याजेवणाची सोय बघितली. आता निदान एवढं तरी करा, आठवीतच शाळेत दाखल्याचा कॅम्प लावा, तलाठी आणि तहसीलची माणसं वस्तीवर येऊ देत, जुन्या म्हाताऱ्यांचे जबाब तिथंच घेऊ देत. उत्पन्नाचा दाखला पण त्यातच काढा, कारण आठवीतच एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास होऊन निवड यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. आमच्या वस्तीत ही परीक्षा कुणाला माहीतच नव्हती.

तुम्हाला पण एक विनंती, निकालाच्या वेळी गुणवंतांचे फोटो पानभर छापता ते छापा, पण या परीक्षेचे फॉर्म सुटले की तालुक्याच्या पानावर मोठ्या अक्षरात तारीख टाका, आम्ही कात्रण काढून वस्तीतल्या किराणा दुकानावर चिकटवू.

आपला,
एक वाचक, कराड